लाल पावलांचा सलुकी

१

राजाभाऊ हुद्दार यांना कुत्रा चावला, याबद्दल वाद नव्हता. कोणता कुत्रा चावला, याबद्दलही वाद नव्हता. कारण ज्यांना वाद घालता आला असता त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी सव्वासातला चावा. सोमवारी दुपारी तक्रार. सोमवारी संध्याकाळी जनावरं नेणारी पांढरी गाडी आली आणि बर्क नावाच्या सलुकी कुत्र्याला दहा दिवसांच्या निरीक्षणासाठी घेऊन गेली. बर्क स्वतःहून गाडीत चढला. शिकारी कुत्र्यांना गाडीत चढायची सवय असते.

अबू धाबी शहरातून निघून मुसफ्फा आणि मोहम्मद बिन झायद सिटी मागे टाकली की अल मर्खचं सार्वजनिक मैदान लागतं. वाळू, खडी आणि थोडी गाफची झाडं. मधोमध पांढऱ्या रंगाच्या पिंपांची एक रांग. नोव्हेंबर ते मार्च सकाळी आठपर्यंत रांगेच्या उत्तरेला सलुकींचं प्रशिक्षण चालतं. खऱ्या शिकारीला बंदी आहे, म्हणून गाडीमागे दोरीला कातडं बांधून ओढतात आणि कुत्रे त्याच्यामागे पळतात. दक्षिणेला चालणारे, सायकलवाले, मुलंबाळं घेऊन आलेले लोक. आठनंतर सगळं मैदान सगळ्यांचं. तीन वर्षं ही व्यवस्था नीट चालली, कारण ती साधी होती. साधी व्यवस्था काही लोकांना स्वतःचा अपमान वाटते.

असे लोक 'उषःकाल परिवार' या नावाने एकत्र आले होते. अल रीम आयलंडच्या उंच इमारतींत राहणारे मराठी मॅनेजर, इंजिनियर आणि त्यांच्या बायका. सदस्य चौऱ्याऐंशी, त्यांतले अकरा चालत, बाकीचे व्हॉट्सअॅपवर अंगठे पाठवत. राजाभाऊ अध्यक्ष. महिन्यापूर्वी परिवाराने मागणी केली होती की संपूर्ण मैदान श्वानमुक्त करावं, कारण कुत्र्यांमुळे सकाळच्या सकारात्मक ऊर्जेत अडथळा येतो. ती मागणी फायलीत पडून होती. आता तिला दात फुटले होते.

मैदान सांभाळणाऱ्या कंपनीचा व्यवस्थापक नोमान, मूळचा पनवेलचा, याने मंगळवारी सकाळी फाईल कंपनीसाठी तक्रारी तपासणाऱ्या मृणालिनी खांबेटे यांच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, गुरुवारी अकराला मीटिंग. त्याआधी रिपोर्ट पाहिजे. केस ओपन अँड शट आहे, दोन पानांत खलास करा."

मृणालिनीबाईंनी मुंबईत एका विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं दावे तपासले होते. माणसं खोटं बोलतात याचं त्यांना दुःख होत नसे. ती आळसाने खोटं बोलतात, याचा मात्र त्यांना अजून राग यायचा.

त्यांनी तक्रार वाचली. सोबत सोमवारी सकाळी मैदानावर काढलेले कुत्र्याचे फोटो होते. 'मी वेगाने चालत असताना पिवळट रंगाचा, लाल पावलांचा शिकारी कुत्रा पिंपांची रांग ओलांडून धावत आला. मी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्याने माझ्या उजव्या पायाचा चावा घेतला. त्याचा पठाण रखवालदार मागाहून आला व आमच्याशी मोडक्या हिंदीत उर्मटपणे बोलला.'

"याच्याशी कोण बोललं आपल्याकडून?" बाईंनी 'पठाण' शब्दावर बोट ठेवलं.

"कोणी नाही. काय बोलणार? कुत्रा त्याचाच आहे."

बाईंनी पर्स उचलली.

२

रखवालदाराचं नाव याकूब मुकादम. वय एक्कावन्न, गाव बाणकोट. निरीक्षण केंद्राच्या आवारात पिंजऱ्यापाशी तो उकिडवा बसला होता. पिंजऱ्यात बर्क, सायीच्या रंगाचा, लांब पायांचा, इतका सडपातळ की बरगड्या मोजाव्यात. कानांवर रेशमी झालर. चारी पावलं विटकरी लाल.

"तुम्ही मराठी?" बाई म्हणाल्या.

"आता मराठी नाय तर काय, बाई? बाणकोटच्या खाडीवर जन्म गेला."

"तक्रारीत पठाण म्हटलंय."

"म्हणतात ते. डोक्याला रुमाल बांधतो, दाढी आहे. तीन हिवाळे मी त्यांच्यापासून दोनशे पावलांवर उभा आहे. कोणी नाव विचारलं नाही." याकूबने खांदे उडवले. "माझंपण चुकलं. मी कशाला सांगायला जाऊ?"

"शनिवारी सकाळी काय झालं?"

"काही झालं नाही, तीच तर पंचाईत. काही झालं असतं तर सांगितलं असतं. तीन कुत्रे आणले होते. दोन काळे, एक हा. सात वाजता हा पळाला, खडीवर पाय खरचटले, म्हणून सव्वासातला त्याला गाडीत घालून बांधला. अबू सैफ गाडीतच होते."

अबू सैफ म्हणजे कुत्र्यांचे मालक, सत्तरीचे गृहस्थ. मालकाची साक्ष म्हणजे घरचीच साक्ष. बाईंनी ती लिहून घेतली आणि बाजूला कंसात शून्य घातलं.

"मग पायांचं काय केलंत?"

"मेंदी. शनिवारी संध्याकाळी बायकोने, जहांआराने, भिजवली, मी लावली. कातडी घट्ट होते, जखम भरते. इथे सगळे लावतात. फडक्यात बांधून ठेवली रात्रभर. हा शहाणा, हलत नाही."

"त्याआधी कधी लावली होती?"

"गेल्या सालच्या जानेवारीत. या मोसमातली ही पहिलीच."

"लावताना कुणी पाहिलं?"

"मी, जहांआरा आणि हा."

"तिघेही आरोपीच्या बाजूचे," बाई म्हणाल्या.

याकूब पहिल्यांदा हसला, पण ते हसू टिकलं नाही. "बाई, हा चावला असं कागदावर आलं की परवाना गेला. परवाना गेला की कुत्रे बंद. कुत्रे बंद की माझा व्हिसा खलास. पोरीची, नबिलाची, बारावी आहे. परीक्षा दोन महिन्यांवर आली. आता तिला इथून उचलून गावच्या कुठल्या कॉलेजात नेऊ?"

बाईंनी दिलासा दिला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "याचं तोंड उघडता येईल का? मला दात मोजायचेत."

याकूबने बर्कचा जबडा हळूच उघडला. बाईंनी पर्समधली शिवणकामाची टेप काढली. वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर जवळजवळ चार सेंटीमीटर भरलं. बर्कने टेप चाटली.

मग बाईंनी फायलीतला दवाखान्याचा फोटो काढला. जखमेशेजारी डॉक्टरने पट्टी ठेवली होती. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. दोन खोल खुणांमध्ये अंतर होतं दोन सेंटीमीटर.

३

"कुत्र्याचा चावा सरकत असतो," राजाभाऊ हुद्दार म्हणाले. "तुम्ही मेडिकल लाईनच्या नाही, म्हणून तुमच्या लक्षात येणार नाही."

राजाभाऊही मेडिकल लाईनचे नव्हते. ते वातानुकूलन यंत्रांच्या विक्रीत होते. रीमवरच्या चौतिसाव्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड केलेल्या सोफ्यावर ते उजवा पाय उशीवर ठेवून बसले होते. पट्टी घोट्याच्या खालून सुरू होऊन पावलाच्या वरच्या भागावर संपत होती. भेटायला येणाऱ्यांना पाय दारातूनच दिसेल, अशा बेताने सोफा फिरवलेला होता.

बाईंना एवढं मात्र मान्य होतं की ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते. दात सरकतात. एका मोजमापावर कुत्रा सुटत नाही.

"तुम्ही चालत होतात?"

"ब्रिस्क वॉक. ताशी साडेसहा किलोमीटर."

"कुत्रा कुठून आला?"

"उत्तरेकडून. वाघासारखा. लाल पावलं वाळूवर चमकत होती. मी डोळ्यात डोळे घालून पाहिलं त्याच्या."

"बूट पाहू का?"

"अवश्य. अनुपमा, बूट आण गं." बूट आले. "चारशे दिरहमचे आहेत. म्हणजे साडेनऊ हजार. हे घालून चार महिने झाले, एक ओरखडा नाही बघा."

बाईंनी बघितलं. खरंच एक ओरखडा नव्हता.

अनुपमा हुद्दार चहा घेऊन आल्या. त्यांचा आवाज असा की नवऱ्याची वाक्यं संपायची वाट पाहून पाहून बारीक झालेला. "साखर किती? आणि यांचं मनावर घेऊ नका, त्या दिवसापासून जरा चिडचिड होते. शांत पडून असतानाच असं—"

"चालताना," राजाभाऊ म्हणाले.

"चालताना," अनुपमा म्हणाल्या.

"इंजेक्शनं चालू आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"एक घेतलं. दुसरं आज होतं, पण डॉक्टर म्हणाले थांबू. चावणाऱ्या कुत्र्याचे सगळे पेपर्स क्लिअर आहेत, लसी झाल्यात, शिवाय तो निरीक्षणाखाली आहे. शार्दूलने निरीक्षण केंद्रातून कागद आणून स्वतः डॉक्टरांना दाखवले. फार धावपळ केली हो त्याने. तक्रारसुद्धा त्यानेच ड्राफ्ट केली. मी फक्त सही केली."

शार्दूल मोघे म्हणजे परिवाराचे सचिव.

बाईंनी चहा संपवला. निघताना दारापाशी त्यांनी अनुपमांना हळू आवाजात विचारलं, "शनिवारचा ग्रुप फोटो असेल ना तुमच्याकडे?"

"रोजचाच असतो. शार्दूलची ईश्वरी काढते, 'सुप्रभात' लिहून टाकते. पाठवू?"

"पाठवा. काटछाट न करता."

४

शार्दूल मोघे त्याच बेटावर, पण दुसऱ्या इमारतीत राहत. वय चाळीस, मुसफ्फात कंपनीचं वर्कशॉप सांभाळत. आवाजात प्रत्येक वाक्य इतिवृत्तात नोंदवलं जाईल अशी खात्री.

"मृणालिनीताई, प्रश्न एका चाव्याचा नाही. प्रश्न पब्लिक स्पेसचा आहे. आपल्या लोकांनी इथे डिसिप्लिन दाखवायची आणि यांनी जनावरं मोकाट सोडायची, हे किती दिवस?"

"सलुकी मोकाट नसतात. वेळ आणि जागा ठरलेली आहे."

"ऑन पेपर."

बाई दाराशीच थांबल्या होत्या. चपला कुठे काढाव्यात ते त्यांना समजेना. मराठी घरात हा प्रश्न सहसा पडत नाही. दारात ढीग असतो, त्यात आपला जोड मिसळायचा. इथे फरशी मोकळी होती. चपलांच्या मांडणीचे खालचे तीन कप्पे रिकामे होते आणि घरातले सगळे जोड, बुटांसकट, छातीच्या उंचीवरच्या कप्प्यात कोंबलेले होते.

"वरच ठेवा हं," शार्दूल यांची बायको ईश्वरी घाईने म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, कुठेही ठेवा."

बाईंनी वर ठेवल्या.

"त्या रखवालदाराशी तुमचं बोलणं झालं?"

"झालं तर. आम्ही दोघं होतो, मी आणि ईश्वरी. तो पठाण धावत आला, कुत्र्याची मान पकडली आणि म्हणाला, 'हमारा कुत्ता नहीं काटता.' मोडकीतोडकी हिंदी. मी त्याला चांगला सुनावला. राजाभाऊ कळवळत होते, आम्ही आपसांत मराठीत बोलत होतो की आधी डॉक्टर गाठू. पाच मिनिटं तरी उभा होता तो तिथे. मख्खासारखा."

"तुम्ही मराठीत बोलत होतात, आणि तो पाच मिनिटं ऐकत उभा होता."

"त्याला काय कळणार?"

बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि वाचून दाखवला. शार्दूलनी समाधानाने मान डोलावली. ईश्वरी खिडकीबाहेर बघत होती.

आतल्या खोलीतून त्यांची आठ वर्षांची मुलगी शुभ्रा आली. डोळे सुजलेले.

"काय गं, शाळा नाही आज?" बाईंनी विचारलं.

"आय हॅड अ टमीएक. नॉट रिअली. आय वॉज क्राइंग."

"का बरं?"

शुभ्राने आईकडे पाहिलं. "आय अॅम नॉट अलाउड टू टॉक अबाउट इट."

"शुभ्रा, आत जा," शार्दूल म्हणाले. "हल्लीची मुलं. आयपॅड काढून घेतला की रडतात."

"आयपॅड आत चालूच आहे," बाई म्हणाल्या, कारण कार्टूनचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता. पुढे त्यांनी मुलीला काही विचारलं नाही. मुलांची साक्ष काढून सुटलेला दावा त्यांना कधीच अभिमानाचा वाटला नव्हता.

लिफ्टमध्ये फोन वाजला. अनुपमांचा फोटो आला होता. दहा माणसं हात उंचावून उभी, वर गुलाबी अक्षरांत सुप्रभात, खाली शनिवारची तारीख आणि वेळ सात वाजून सहा मिनिटं. फोटोला बासष्ट अंगठे मिळाले होते. बासष्टांपैकी एकानेही माणसांच्या पलीकडे, पिंपांच्या मागे काय आहे ते पाहिलं नव्हतं.

बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

५

गुरुवारी अकरा वाजता मैदानाच्या कार्यालयात सात माणसं बसली. नोमान, मृणालिनीबाई, हुद्दार दांपत्य, मोघे दांपत्य आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर याकूब. अबू सैफ बाहेर आपल्या गाडीतच बसून राहिले. ज्या खोलीत आपल्या कुत्र्यावर शंका घेतली जाते तिथे चहा पिणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

राजाभाऊंनी काठी आणली होती. ते शार्दूलकडे झुकून म्हणाले, "हा पठाण कशाला आलाय इथे?"

"मला बोलावलंय म्हणून आलो," याकूब म्हणाला. "आणि मी बाणकोटचा, साहेब. पठाण नाही."

शार्दूल मोघ्यांनी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"इथूनच सुरुवात करू," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद समोर ओढले. "श्री. मोघ्यांनी सांगितलं की शनिवारी हे गृहस्थ पाच मिनिटं त्यांच्यासमोर उभे होते. समोर तीन मराठी माणसं मराठीत बोलतायत, याच्या कुत्र्यावर आळ घेतायत, याचा व्हिसा त्यावर टांगलाय. आणि बाणकोटचा माणूस मराठीत एक शब्द बोलत नाही? हिंदीत बोलतो, तेही मोडक्या? मी कोकणातली माणसं पाहिली आहेत. ती असल्या वेळी गप्प बसत नाहीत. ही भेट झालीच नाही. ज्याला तुम्ही तीन वर्षांत नाव विचारलं नाही, त्याचं पात्र तुम्ही कल्पनेने रंगवलंत आणि त्याच्या तोंडी तुम्हाला शोभेलशी हिंदी घातलीत."

"हे सगळं तर्कट आहे," शार्दूल म्हणाले.

"आहे. म्हणून पुढचं बघू." बाईंनी छापून आणलेला फोटो टेबलावर सरकवला. "हा तुमच्याच परिवाराचा फोटो. शनिवार, सात वाजून सहा मिनिटं. चाव्याच्या नऊ मिनिटं आधी. मागे तीन सलुकी आहेत. दोन काळे, एक सायीच्या रंगाचा. त्याची पावलं बघा."

नोमानने फोटो उचलला. "पांढरीच आहेत."

"लाल रंग हा या कुत्र्याचा रंग नव्हे. ती मेंदी आहे. पाय खरचटले म्हणून शनिवारी संध्याकाळी लावलेली. शनिवारी सकाळी लाल पावलांचा कुत्रा या मैदानावर नव्हता. सोमवारी होता. सोमवारी सकाळी श्री. मोघ्यांनी इथे येऊन कुत्र्याचे फोटो काढले, ते तक्रारीला जोडलेत. फोटो बघून वर्णन लिहिलं. इथे कुणाशी बोलायची सवय असती तर कळलं असतं, की सलुकी लाल पायांचे जन्मत नाहीत."

राजाभाऊ लालबुंद झाले. "याचा अर्थ मी खोटं बोललो?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण तुमचं खोटं लहान आहे. जखम पावलाच्या वरच्या भागावर आहे. तिथे बूट असतो. बुटावर ओरखडा नाही, हे तुम्हीच मला अभिमानाने दाखवलंत. म्हणजे चावलं तेव्हा पाय उघडे होते. ताशी साडेसहा किलोमीटर वेगाने खडीवर अनवाणी कुणी चालत नाही. सातच्या फोटोनंतर तुमचा परिवार काय करतो, अनुपमाताई?"

"शवासन," अनुपमा म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "चटईवर. डोळे मिटून. हे तर घोरतात."

"अध्यक्षांना झोपेत कुत्रा चावला, हे तक्रारीत बरं दिसलं नसतं. तुम्ही काही पाहिलं नव्हतं, राजाभाऊ. डोळे उघडले तेव्हा कुत्रा नव्हता. कोणता कुत्रा होता ते तुम्हाला सांगण्यात आलं आणि तुम्ही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सहीनिशी लिहून दिलंत. सांगितलं कुणी?"

राजाभाऊंची काठी टेबलाला टेकून ठेवलेली होती, ती घसरून पडली. कुणी उचलली नाही.

"शार्दूलने," ते म्हणाले.

"सुळ्यांमधलं अंतर दोन सेंटीमीटर. बर्कचं चार. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण बाकीच्या गोष्टींशेजारी ठेवलं की चावणारा कुत्रा लहान होता असं म्हणता येतं. मैदानाच्या दक्षिण भागात, शवासनाच्या चटयांजवळ, पट्ट्याशिवाय फिरणारा लहान कुत्रा. परिवारापैकी कुणाचा तरी. आता प्रश्न असा, की मराठी माणसाच्या घरी दाराशी एकही चप्पल का नसते? सगळे जोड छातीच्या उंचीवर आणि खालचे कप्पे रिकामे का असतात? कारण खाली ठेवलेलं काहीतरी कुरतडतं. आणि एक मुलगी शाळा बुडवून का रडते?"

"ताई, एका चपलेच्या मांडणीवरून तुम्ही—" शार्दूल उभे राहिले. "ईश्वरी, चल. हा फार्स आहे. पुरावा काय यांच्याकडे? आहे कुत्रा आमच्या घरी? दाखवा ना."

"नाही दाखवता येणार," बाई म्हणाल्या. "तो कुठे आहे मला माहीत नाही आणि मी शोधलेलं नाही. माझं काम बर्क चावला की नाही एवढंच होतं, ते झालं. मला आता फक्त एक गोष्ट विचारायची आहे, आणि तीही अहवालासाठी नाही. राजाभाऊंचं दुसरं इंजेक्शन थांबवलंय. कारण चावणाऱ्या कुत्र्याला लसी दिलेल्या आहेत, असे कागद श्री. मोघ्यांनी डॉक्टरांना दाखवले. ते कागद बर्कचे. ज्याने खरोखर चावा घेतला, त्याला लस दिली आहे का?"

शार्दूल दाराकडे बघत होते.

बोलली ती ईश्वरी. "नाही दिली," ती म्हणाली. "ऑनलाईन घेतला होता, शुभ्राच्या वाढदिवसाला. नोंदणी नाही केली, बिल्डिंगमध्ये परवानगी नाही म्हणून. त्या दिवशी गाडीत लपवून नेला होता, सगळे डोळे मिटून असताना निसटला. कुकी नाव आहे. आता मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये ठेवलाय. मी याला म्हटलं, निदान राजाभाऊंना सांग. म्हणाला, पिटिशन पास होऊ दे, मग बघू."

"पाच दिवस," अनुपमा म्हणाल्या. त्यांचा आवाज आता बारीक नव्हता. "पाच दिवस माझ्या घरी येऊन पोहे खाल्लेस रे शार्दूल. मला विचारत होतास, वहिनी, भाऊंना ताप वगैरे नाही ना?"

"वहिनी, चान्स अगदीच कमी असतो. मी गुगल केलं होतं."

राजाभाऊ इतका वेळ स्वतःच्या पायाकडे पाहत होते. शार्दूलना काय म्हणावं हे त्यांना सुचलं नाही. तक्रारी त्यांच्यासाठी नेहमी शार्दूलच लिहीत.

"उठा," अनुपमा नवऱ्याला म्हणाल्या. "आधी दवाखाना."

६

नोमानने अर्ध्या तासात निर्णय टाईप केला. बर्कला सोडावं. पिंपांची रांग आहे तिथेच राहील, वेळा त्याच राहतील. श्वानमुक्त मैदानाची मागणी नामंजूर. कुकीला निरीक्षणाखाली घ्यावं, आणि नोंदणीबाबत मोघ्यांनी संबंधित कार्यालयाला उत्तर द्यावं. उषःकाल परिवाराने त्याच दुपारी शार्दूलना सचिवपदावरून मुक्त केलं आणि त्यांच्या आजवरच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव केला. ठरावाला सत्तर अंगठे मिळाले.

याकूब निर्णयाचा कागद घेऊन बाहेर आला. मृणालिनीबाई त्याच्या मागे होत्या. अबू सैफनी गाडीची काच खाली केली, कागदाची न वाचताच घडी केली आणि अरबीत चार वाक्यं बोलले. याकूबचा चेहरा उतरला.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"म्हणतात, माझ्या कुत्र्यांना असल्या लोकांच्या दाखल्याची गरज नाही. उद्यापासून इथे यायचं नाही. लिवाच्या बाजूला भावाचा मळा आहे, दोन-अडीच तासांवर. कुत्रे तिकडे. तिकडे भावाची माणसं आहेत."

"म्हणजे तुमची जागा?"

"तिकडे माझं काय काम?"

बाईंनी अठ्ठावीस वर्षांत कितीतरी खरे दावे उशिरा मंजूर होताना पाहिले होते. नोमान दारात उभा राहून म्हणाला, "इन्शाल्ला होईल काहीतरी." काही करायचं नसलं की तो हेच म्हणायचा.

याकूब गाडीच्या खिडकीशी गेला. आत झुकला नाही, हात जोडले नाहीत. सरळ उभा राहून अरबीत बोलला. फार थोडं बोलला. म्हाताऱ्याने चष्मा लावला, कागदाची घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मध्ये एकदा बोट ठेवून काहीतरी विचारलं. याकूबने उत्तर दिलं. वाचून संपल्यावर अबू सैफनी कागद समोरच्या कप्प्यात ठेवला आणि गाडी सुरू केली.

"यल्ला," ते म्हणाले. "आधी बर्कला सोडवून आणू."

याकूबने पलीकडचं दार उघडलं.

"काय सांगितलंत त्यांना?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, कागदावर लिहिलंय की हा चावला नाही. पण कागद किती लोक वाचणार? मैदान सगळे बघतात. उद्या आपण दिसलो नाही, तर ती अकरा माणसं घरी जाऊन सांगतील, चावला होता म्हणूनच पळाले. आणि मग तेच खरं होईल."

तो गाडीत बसला. "शनिवारी सहाला येतो, बाई. तुम्हाला बघायचा असेल तर उत्तरेकडून या."